न आलेल्या दंडाचा फोटो

१

मंगळवारी सकाळी कौटुंबिक न्यायालयात एक फोटो दाखल झाला, आणि नियमाप्रमाणे तो फोटो जगात असायलाच नको होता.

काळा-पांढरा फोटो. जरा उंचावरून, मोटारीच्या समोरच्या काचेतून आत डोकावून काढलेला. स्टिअरिंगवर एक बाई, अंगात काळा कोट, एका हातात काहीतरी चपटं, लांबट, काळं. शेजारच्या सीटवर नऊ वर्षांची मुलगी. खाली पांढरा पट्टा आणि त्यावर तारीख, वेळ, लेन आणि एक लांबलचक नंबर. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्यांना पकडायला वाहतूक पोलिसांनी जे कॅमेरे बसवलेत, त्यांच्या दंडाच्या पत्रात असतो अगदी तसाच.

फोटो दाखल केला होता मुलीच्या वडिलांनी. नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी वेगळे झालेले, मुलगी आईकडे. "ही बाई मुलीला शेजारी बसवून हातात फोन घेऊन गाडी हाकते. मुलीचा ताबा मला द्या," असं त्यांचं म्हणणं. फोटो मिळाला कुठून, असं विचारल्यावर ते म्हणाले, "खात्यातल्या एका भल्या माणसानं मुलीच्या काळजीपोटी दिला. त्याचं नाव सांगून मी त्याची नोकरी घालवणार नाही."

आईला असं दंडाचं पत्र कधी आलंच नव्हतं. पोलिसांच्या नोंदीतही तिच्या नावावर दंड नव्हता. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, फोटो खरा आहे का आणि पोलिसांच्या फोटो छाननीच्या खोलीतून फुटला आहे का, हे गोपनीयता निरीक्षकांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. फोटो खरा ठरला तर मुलगी त्याच दिवशी वडिलांकडे जाईल.

गोपनीयता निरीक्षक म्हणजे आमच्या बाई. अख्खं खातं त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणतं. समोरचा बोलत राहतो, बाई ऐकत राहतात, आणि शेवटी कामाचं तेवढं वर राहतं. मी त्यांचा लघुलेखक. सत्तावीस वर्षं साहेब लोकांची बडबड उतरवून घेतोय, पण इतकं कमी बोलून इतकं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण लगेच म्हणतील, "बरं, आता कागद पुढे करा."

आणखी एक सांगून टाकतो. मला ते कॅमेरे आवडत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीत डोकवायचं म्हणजे काय? त्यामुळे फोटो फुटल्याचं ऐकून मला, खोटं कशाला बोलू, आतून जरा बरंच वाटलं.

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि पहिलं काम काय केलं, तर टपालाचं एक कोरं कार्ड घेऊन मुलीच्या अर्ध्या भागावर ठेवलं.

"अहो बाई, आपल्याला तपास करायचाय," मी म्हणालो.

"तपास बाईच्या हातातल्या वस्तूचा आहे. ही मुलगी आपण बघावं म्हणून गाडीत बसलेली नाही," त्या म्हणाल्या. "चला, ज्या लोकांना हा फोटो दिसू शकला असता, त्यांच्याकडे जाऊ."

२

छाननीची खोली एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. आत जाण्याआधी आमचे फोन बाहेरच्या कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आलं. खोलीत खिडक्या उंचावर, दोन पडदे, दोन खुर्च्या, आणि दोन्ही खुर्च्यांची तोंडं एकमेकांकडे पाठ करून.

एका खुर्चीवर 'काका'. आयुष्यभर लोकांच्या गाडी चालवायच्या परीक्षा घेऊन निवृत्त झालेले आणि पुन्हा कामावर आलेले. दुसरीवर सगळे जिला 'आक्का' म्हणतात ती पन्नाशीची बाई. आणि दारात शिडी घेऊन उभा असलेला, कॅमेऱ्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ. त्याला सगळे 'खांब' म्हणत, कारण दिवसातला निम्मा वेळ तो खांबावरच असे.

"आमचं काम सोपं आहे," काका म्हणाले. "मशीनला ज्याच्या हातात फोन आहेसा वाटतो त्याचा फोटो आमच्याकडे येतो. चालवणारा सोडून बाकी सगळी गाडी राखाडी रंगानं झाकलेली. शेजारी बायको आहे की बोका, आम्हाला कळत नाही. मी 'होय' किंवा 'नाही' दाबतो. आक्कापण दाबते, पण मी काय दाबलं ते तिला माहीत नसतं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी फोटो तिथल्या तिथे पुसला जातो."

"आणि 'नाही' किती वेळा म्हणता?" बाईंनी विचारलं.

"निम्म्या वेळा! पाकीट असतं, कंगवा असतो, परवा एकाच्या हातात अर्धा पाव होता. मशीन उत्साही आहे हो. माणसाला जरा सबुरीनं घ्यावं लागतं. शंका आली की मी 'नाही'च म्हणतो."

मी कॅमेऱ्यांचा शत्रू, पण त्या दोन पाठमोऱ्या खुर्च्या बघून माझा राग थोडा निवला. इतकी काळजी कुणी घेत असेल असं मला वाटलं नव्हतं.

काका रंगात आले होते. "आणि इथे सगळेच भुतासारखे दिसतात. डोळ्यांना दिसत नाही असला उजेड मारतो तो कॅमेरा. चाचणीच्या दिवशी मी माझं नवंकोरं काळं जाकीट घालून, रस्त्यावर ज्या लोखंडी कमानीवर कॅमेरा बसवलाय, तिच्याखालून गेलो. म्हटलं, जरा ऐटीत फोटो येईल. तर फोटोत मी पांढराशुभ्र! आक्का म्हणाली, दुधाच्या गाडीवर नोकरी धरलीत का?"

खांब हसला. आक्का हसली नाही. ती फोटोकडे बघत होती, कार्डाखाली अर्धा झाकलेल्या.

"असा उघडा फोटो तुमच्यापैकी कुणाला दिसू शकतो?" बाईंनी विचारलं.

"झाकायचं काम खालच्या मशीनमध्ये होतं," खांब घाबरत म्हणाला. "म्हणजे मी वर लेन्स पुसत असताना मला उघडा दिसू शकतो. पण बाई, मी कशाला कुणाला देऊ? मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

"कुणी ओळखतं का?"

काकांनी मान हलवली. आक्कानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तो माझा चुलतभाऊ आहे," ती म्हणाली.

३

मला वाटलं, संपलं प्रकरण. बाईंना तसं वाटलं नाही. आक्काला समोर बसवून त्यांनी पाणी मागवलं.

"नातं आहे म्हणून मीच चोर का?" आक्का फणकारली. "चार वर्षांत आमचं बोलणं नाही. त्याच्या बायकोची बाजू घेतली म्हणून त्यानं मला दारातून परत पाठवलं होतं. पण हे कोण ऐकणार? नोकरी तर गेलीच माझी."

"अजून कुणाचीच गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही हे स्वतः सांगितलंत. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं."

पण लपवणारी माणसं असंच आधी सांगून मोकळी होतात, असं मी जिन्यात म्हणालो. शंकेची सुई आता दोघांवर होती. खांबाला उघडा फोटो दिसू शकत होता, पण त्याचा वडिलांशी संबंध नव्हता. आक्काचा संबंध होता, पण तिला मुलगी दिसूच शकत नव्हती. दोघं मिळालेले असतील तर? मी वहीत दोघांची नावं एका कंसात घातली आणि स्वतःवर खूश झालो.

आई एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करायची. बाजूच्या सामानाच्या खोलीत तिनं आम्हाला बसवलं. अंगात हॉटेलचा काळा कोट, खांद्याशी विटलेला. डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा.

"मी गाडीत फोन हातात घेत नाही, मॅडम. पर्सच्या तळाशी असतो आणि पर्स मागच्या सीटवर. पण फोटोत माझ्या हातात काहीतरी आहे, आणि ते काय आहे मला आठवत नाही. वकील म्हणतात, नीट आठवा. रोजची सकाळ कशी आठवायची? उठवा, वेणी घाला, पळा." तिनं तोंड फिरवलं. "शुक्रवारी तिची बॅग भरायची का नाही, तेवढं सांगा. तिला आदल्या दिवशी सांगावं लागेल."

मी वही खाली ठेवली. बाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"फोटोतली मुलगी मी अजून पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "कार्ड उचलू का? तुम्ही 'नको' म्हणालात तर नाही उचलणार."

आईनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. दोन दिवसांत तो फोटो दोन वकिलांनी, चार कारकुनांनी आणि आणखी कुणी कुणी पाहिला होता, तिला कुणी विचारलं नव्हतं. "उचला," ती म्हणाली.

मुलीची मान खाली होती. दोन्ही हातांत फ्रॉकचं टोक धरून ती काहीतरी घासत होती.

"चष्मा!" आई एकदम ओरडली. "चष्मा पुसतेय ती! मी आपली माझाच हात बघत बसले होते. रोज शाळा जवळ आली की पुसते. मग माझ्या हातात चष्म्याचं घर आहे. ती पुसेपर्यंत मीच धरते, नाहीतर सीटखाली पाडते आणि मग शाळेच्या दारात शोधाशोध."

मला टाळी द्यावीशी वाटली. पण बाई शांतच होत्या. "मला पटलं. न्यायाधीशांना मात्र हे आईनं सांगितलेलं आहे, एवढंच दिसेल. आणि चष्म्याचं घर असलं तरी हात स्टिअरिंगवरून सुटलेला आहेच."

"चालू गाडीत नाही हो. पादचारी पुलाखाली सिग्नल आहे, तिथे गाड्या दहा दहा मिनिटं तुंबतात. तिथेच ती पुसते."

"आणि कॅमेऱ्याची कमान?"

"ती बरीच अलीकडे. तिथे तर गाडी पळत असते."

बाई उठल्या. "तो कोट मला शुक्रवारपर्यंत हवाय," त्या म्हणाल्या. "आणि तो घालून गाडी चालवायला तुम्ही."

४

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुमचं दंडाचं पत्र उद्या घेऊन या."

"कसलं पत्र?"

"तुम्हाला दंड झाला होता ना? मागच्या वर्षीपर्यंत तुम्ही कॅमेऱ्यांबद्दल चकार शब्द काढत नव्हतात. मग एके दिवशी अचानक नागरिकांच्या हक्कांवर भाषण सुरू केलंत."

माझं पितळ असं उघडं पडलं. पत्र मी बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. गुरुवारी सकाळी मान खाली घालून आणून दिलं. फोटोत मी फोन कानाला लावून तोंड वासलेला, आणि खाली तोच पांढरा पट्टा.

ते पत्र घेऊन बाई पुन्हा छाननीच्या खोलीत गेल्या. माझा चेहरा त्यांनी आधी घडी घालून झाकला, हे उपकार मी विसरणार नाही. नुसता पट्टा काकांना दाखवला.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"आमच्याकडे असलं काही येत नाही बुवा. आमचा फोटो उघडाबोडका." आक्कालाही माहीत नव्हतं. खांबालाही नाही. तीन माणसं रोज ते फोटो हाताळत होती आणि त्या पट्ट्यावर काय लिहिलंय हे तिघांनाही ठाऊक नव्हतं!

तळमजल्यावर पत्रं पाठवणारी बाई बसायची. तिनं पट्टा बघताच ओळखला. "हा माझ्या इथे लागतो. दोन्ही 'होय' आले की फोटो माझ्याकडे येतो, मशीन पट्टा छापतं, आणि पत्र पाकिटात. त्याआधी कुठल्याच फोटोला पट्टा नसतो."

"आणि हा लांब नंबर? कॅमेऱ्याचा?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. तो पत्राचा नंबर. एक पत्र, एक नंबर. दुसऱ्यांदा येत नाही."

बाईंनी न्यायालयातला फोटो पुढे केला. माझ्याही डोक्यात आता उजेड पडला. आईला पत्र गेलंच नव्हतं, मग फोटोवर पत्राचा नंबर कुठून आला? आतल्या माणसानं चोरला असता तर फोटो पट्ट्याशिवाय असता. पट्टा ज्यानं पाहिलाय तो आतला नाही, तो पत्र घरी आलेला माणूस. माझ्यासारखा. त्यानं आपल्या पत्रावरचा पट्टा उतरवला, तारीख-वेळ बदलली, आणि नंबर कॅमेऱ्याचा समजून तसाच ठेवला.

पत्रवाल्या बाईचा हात नंबर शोधायला मशीनकडे गेलाच होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला सांगू नका. कागदावर लिहा, पाकिटात घाला, मोहोर करा. वर न्यायाधीशांचं नाव."

"अहो बाई!" मी तडफडलो. "दोन सेकंदांत कळेल!"

"कुणाला कधी दंड झाला हे जाणून घ्यायचा अधिकार मला नाही. त्यांना आहे. आणि मी बघितलं तर उद्या पत्रं बघायला आणखी कुणी येईल."

मला आमच्या बाईंचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच.

दुपारी लेखी संमती देऊन आई गाडी घेऊन आली. अंगात तोच कोट, हातात चष्म्याचं घर. एकदा ती कमानीखालून गेली, खांबानं तो फोटो रीतसर काढून दिला. मग तीच गाडी सिग्नलला तुंबली, तेव्हा पादचारी पुलावरून मी माझ्या फोननं फोटो काढला. छप्पन्न पायऱ्या चढून गेलो होतो, निम्मा फोटो हलला. तरी कामापुरता आला.

दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

५

शुक्रवारी न्यायालयात आई पुढच्या बाकावर होती, वडील पलीकडच्या. मधे रिकामी जागा.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या, "हा फोटो पोलिसांच्या कॅमेऱ्यानं काढलेला नाही." त्यांनी तीन फोटो ओळीनं मांडले. "हा कमानीवरच्या कॅमेऱ्याचा. कोट जवळजवळ पांढरा दिसतोय. त्या न दिसणाऱ्या उजेडात बऱ्याच कापडांचा काळा रंग टिकत नाही. सगळ्या कापडांचं तसं होत नाही, म्हणून मी हाच कोट तपासला. हा दुसरा पादचारी पुलावरून साध्या फोननं काढलेला. कोट काळा. आणि हा तिसरा, वडिलांनी दिलेला."

तिसऱ्यात कोट काळाकुट्ट होता. रंग काढून टाकला की कुठलाही फोटो कॅमेऱ्याच्या फोटोसारखा दिसतो, असं करणाऱ्याला वाटलं होतं.

वडिलांचे वकील उठले. "फोटो कुणीही काढो. माझ्या अशिलांना तो खात्यातल्या माणसानं दिला."

"छाननीच्या खोलीत हा पट्टा कुणाला माहीत नाही, आणि तो जिथे लागतो तिथे दंड ठरलेलेच फोटो येतात," बाई म्हणाल्या, आणि पत्रांची रीत दोन वाक्यांत सांगून मोहोर केलेलं पाकीट पुढे केलं. "हा नंबर ज्या पत्राचा आहे त्याचा पत्ता आत आहे. मी वाचलेला नाही."

न्यायाधीशांनी पाकीट फोडलं. कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि वडिलांकडे बघितलं.

"हे पत्र आठ महिन्यांपूर्वी तुमच्या घरी गेलंय. दंड तुम्हाला झाला होता. गाडी चालवताना फोनवर बोलल्याबद्दल."

मागच्या बाकावर बसलेल्या आक्कानं इतका मोठा श्वास सोडला की शिपायानं वळून बघितलं.

वडील उभे राहिले. चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला होता. "पट्टा मी लावला, मान्य आहे. पण फोटो खरा आहे! मला तिच्या हातात फोनच दिसला. मी मुलीच्या काळजीपोटीच पुलावर उभा राहत होतो."

"राहत होतात?" न्यायाधीशांनी विचारलं. "किती दिवस?"

वकिलांनी त्यांची बाही ओढली. ती त्यांनी सोडवून घेतली.

"अकरा," ते म्हणाले.

इतके महिने मी त्या लोखंडी कमानीला शिव्या देत होतो. कमानीनं गाडी पाहिली, हातात काही नाही म्हणून विसरून गेली. आणि पुलावर एक माणूस अकरा सकाळी कॅमेरा रोखून उभा होता.

न्यायाधीशांनी समोरची फाईल चाळली. "तुम्हाला दर रविवारी मुलीला भेटायची परवानगी आहे. या अकरा दिवसांच्या आसपासच्या रविवारी भेटलात?"

आई उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

"तीन महिने आला नाहीस," ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली. "ती रविवारी दहा वाजता चपला घालून बसते. मी सांगते, बाबांना काम असेल. आणि तू तिच्या डोक्यावर उभा होतास. तिनं मान वर केली असती तर हात केला असता रे तुला."

वडील खाली बसले. त्यांनी तोंड ओंजळीत धरलं.

निकाल छोटा होता. मुलगी आईकडेच राहील. खोट्या पट्ट्याबद्दल वडिलांवर वेगळी कारवाई होईल. रविवारची भेट बंद केलेली नाही, ते आले तर त्यांना मुलगी भेटेल, असंही न्यायाधीशांनी लिहायला सांगितलं. तो फोटो फाईलमधून काढून बंद पाकिटात ठेवावा, ही बाईंची विनंती त्यांनी लगेच मान्य केली.

कारकून आईला म्हणाला, "थांबा, निकालाची प्रत तासाभरात मिळेल."

"मी नंतर येते," ती म्हणाली. तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती घाईघाईनं जिना उतरली. शाळा साडेबाराला सुटत होती.